‘शॉन ऑफ द डेड’ पुन्हा बघायचाय? मग डीव्हीडी काढा, आणि दोनदा बघा

ठाणे पूर्वेला कोपरीत आमच्या बाबांची कॅसेट लायब्ररी होती. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, शेवटी डीव्हीडी. २००९ मध्ये शटर कायमचं खाली आलं तेव्हा निम्मा माल किलोवर गेला आणि उरलेला माझ्या माळ्यावर. मी आता दिवसभर वागळे इस्टेटमध्ये जीएसटीचे आकडे जुळवते, पण डिस्क उजेडात तिरकी धरून ‘ही चालेल, ही अडकेल’ सांगायची सवय काही गेलेली नाही.

परवा भाची राहायला आली होती. एकोणीस वर्षांची. बोलता बोलता म्हणाली, “मावशी, ते शॉन ऑफ द डेड बघितलं मी. ठीक होतं.” खोदून विचारलं तर कळलं, मोबाईलवर बघितलं, दीडपट स्पीडने, अर्धं ठाण्याहून ऐरोलीला जाताना आणि अर्धं येताना. मी काही बोलले नाही. स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले.

तर हे तिच्यासाठी आहे. आणि तुम्ही हा पिक्चर कधीकाळी बघितला असेल आणि आता त्यातली क्रिकेटची बॅट तेवढी आठवत असेल, तर तुमच्यासाठीही. अजिबातच बघितला नसेल तर आधी बघून या. पुढे सगळं फोडलेलं आहे.

आठवण म्हणून थोडक्यात. पिक्चर २००४ चा, ब्रिटिश. दिग्दर्शक एडगर राइट, लिहिलाय त्याने आणि सायमन पेगने मिळून. पेग स्वतः शॉन झालाय: एकोणतीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सेल्समन, रोज संध्याकाळी त्याच एका पबमध्ये जाऊन बसणारा. निक फ्रॉस्ट त्याचा मित्र एड, जो काहीच करत नाही. ह्या रोजच्या पबला कंटाळून त्याची गर्लफ्रेंड लिझ त्याला सोडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनमधली मेलेली माणसं उठून चालायला लागलेली असतात. शॉनला ते बराच वेळ कळतच नाही. ठाणे स्टेशनवरच्या सकाळच्या गर्दीचा विनोद इथे करता येतो, पण तो पिक्चरवाल्यांनीच नावांच्या वेळी करून टाकलाय, म्हणून मी करत नाही.

पहिल्यांदा बघताना ही एक मारामारीची धमाल वाटते. दुसऱ्यांदा कळतं की पहिल्या अर्ध्या तासात जे जे होतं ते पुढे उलटं होऊन परत येतं, आणि लिहिणाऱ्यांनी ते आधीच तोंडावर सांगितलेलं असतं. म्हणून हा पिक्चर रिमोट हातात धरून, मागे-पुढे करत बघायचा आहे. ते डिस्कवर जसं जमतं तसं दुसऱ्या कशावर जमत नाही. चॅप्टरचं बटण दाबलं की बरोबर त्या जागी.

कुठली डिस्क

व्हीसीडी असेल तर ठेवून द्या. तिच्यात चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं, आणि ह्या पिक्चरमधली निम्मी गंमत मागच्या बाजूला, रस्त्याच्या टोकाला चालू असते. एक माणूस बागेत कबूतर पकडून खातोय, हे व्हीसीडीवर ‘बागेत एक माणूस आहे’ एवढंच दिसेल. डीव्हीडीचे ठिपके ७२० गुणिले ५७६. ब्लू-रे असेल आणि प्लेअर असेल तर प्रश्नच मिटला, पण आपल्याकडे ब्लू-रे प्लेअर असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी.

आता मुख्य घोळ. माझी डिस्क चुलतभावाने लंडनहून आणलेली. कव्हरवर पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र आणि त्यात २ आकडा. तो रीजन, म्हणजे ती डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे त्याचा नंबर. भारताचा डीव्हीडी रीजन ५. म्हणजे इथे घेतलेला सरळमार्गी प्लेअर ती डिस्क ओढून घेतो, घरघरतो आणि ‘राँग रीजन’ म्हणून तोंड फिरवतो. डिस्क खराब नाही, प्लेअर खराब नाही, दोघांचं जमत नाही एवढंच. आपल्याकडचे बरेच स्वस्त प्लेअर सगळे रीजन चालवतात. आमच्या लायब्ररीत आम्ही मुद्दाम तसलाच ठेवला होता. तुमचा चालवत नसेल तर यूएसबीची बाहेरून लावायची डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, लॅपटॉपला जोडा, व्हीएलसी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि एचडीएमआयने टीव्हीवर घ्या. ड्राइव्हने ‘रीजन बदलू का’ विचारलं तर घाईघाईत हो म्हणू नका. फक्त पाच वेळा बदलता येतो, नंतर जो असेल तो कायमचा. आधी न बदलता व्हीएलसीमध्ये लावून बघा, बऱ्याचदा चालून जातं. ब्लू-रेचे रीजन वेगळे: तिकडचं बी, आपलं सी.

आणखी एक. इंग्लंडची डीव्हीडी पाल नावाच्या टीव्ही-पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रं. पिक्चर मुळात २४ ने धावतो. त्यामुळे पाल डिस्कवर तो चार टक्के जास्त वेगाने पळतो आणि ९९ मिनिटांचा पिक्चर ९५ मिनिटांत संपतो. आवाजही किंचित बारीक होतो. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे तूसुद्धा स्पीड वाढवूनच बघतेस की.” हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

डिस्क धुणे

हो, धुणे. ठाण्याच्या पावसाळ्यात पापड सादळतात तशा डिस्कही खराब होतात. कागदी पाकिटात ठेवलेली असेल तर वर पांढुरके ठिपके दिसतील, ती बुरशी. चकाकत्या बाजूला तेलकट बोटं तर असतातच.

पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे तोंडाची वाफ मारून शर्टाने गोल गोल पुसणे. मी लग्नाआधी पदराने पुसायचे, आणि जरीच्या काठाने एका नव्याकोऱ्या डिस्कवर जो ओरखडा पडला त्याचे पैसे बाबांनी माझ्या पॉकेटमनीतून कापले होते. डिस्कवरची माहिती गोल रेषेत लिहिलेली असते. आडवा, मधून कडेकडे जाणारा ओरखडा असेल तर प्रत्येक रेषेतला एक एक कण जातो, आणि तेवढी तूट प्लेअर भरून काढतो. गोल ओरखडा पडला तर एकाच रेषेतली सलग माहिती जाते. ती भरून निघत नाही. म्हणून पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. कधीच गोल नाही.

कृती अशी. नळाचं साधं किंवा किंचित कोमट पाणी. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर. घासणी नाही, स्पंज नाही, बोटाचं मांस. मधून बाहेर, मधून बाहेर, घड्याळाच्या काट्यांसारखं सगळीकडून. भरपूर पाण्याने धुवा, झटका, आणि सावलीत उभी करून ठेवा. आमच्याकडे ती ताटाळ्यात ताटांच्या मध्ये उभी राहते. मग चष्म्याच्या मऊ फडक्याने, पुन्हा सरळच. टूथपेस्टचा उपाय लोक सांगतात. नको. ओरखडा बुजत नाही, नवे पडतात.

कडेकडे जास्त लक्ष द्या, त्याला कारण आहे. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. मोठ्या पिक्चरच्या डिस्कला बहुतेक वेळा माहितीचे दोन थर असतात. पहिला थर आतून बाहेर वाचून झाला की लेझर दुसऱ्या थरावर जातो आणि बाहेरून आत यायला लागतो. म्हणजे थर बदलतो तो बाहेरच्या बाजूला, आणि आपण डिस्क धरतो तीही कडेलाच. म्हणूनच गिऱ्हाईक यायचं ते नेहमी एकच तक्रार घेऊन, “इंटरव्हलपर्यंत मस्त चालली, मग अडकली.” माझी ही डिस्क धुण्याआधी कुठे अडकली माहितीये? सगळे जण झॉम्बी असल्याचं नाटक करत, माना वाकड्या करून पबकडे निघालेत, तिथे. चित्र थिजलं. आमच्या सासूबाई दोन मिनिटं कौतुकाने बघत होत्या. म्हणाल्या, “किती वेळ हलले नाहीत गं, छान करतात.”

छापील बाजूला मात्र जपून. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मध्ये, सँडविचसारखा असतो, तिचं त्या बाजूने थोडं निभावतं. सीडी आणि व्हीसीडीचं तसं नाही. त्यांचा थर छापील चित्राच्या लगेच खाली असतो. त्यावर बॉलपेनने नाव लिहिलंत की संपलं.

प्लेअर आणि टीव्ही

बरीच वर्षं न लावलेला प्लेअर असेल तर पावसाळ्यात आधी पंधरा-वीस मिनिटं नुसता चालू ठेवा, आत ओल धरलेली असते. ड्रॉवर बाहेर येत नसेल तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. तो बदलून मिळतो, त्यासाठी प्लेअर टाकू नका. ‘नो डिस्क’ आलं तर दुसरी डिस्क लावून बघा. तीही नाही वाचली तर लेन्स. झाकण उघडून, वायर काढून, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अलगद टेकवायचं. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे ते असतं. दाबायचं नाही, लेन्स बारीक तारांवर तरंगत असते.

नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी भोकं बहुतेक नसतातच. असली तर पिवळ्याची जागा हिरव्यात, कारण एकच भोक दोन कामं करतं. तिथे वायर लावून टीव्हीवर चुकीचा सोर्स निवडलात तर चित्र कृष्णधवल येतं. आमच्याकडे तेच झालं आणि नवरा म्हणाला, “अरे, हा इतका जुना आहे का?” एव्ही निवडल्यावर रंग आले. प्लेअरला एचडीएमआय असेल तर ही सगळी कटकट वाचते.

मग प्लेअरच्या सेटअपमध्ये जाऊन टीव्ही टाइप ४:३ असेल तो १६:९ करा, नाहीतर माणसं आडवी ताणल्यासारखी जाडी दिसतील. वर-खाली काळ्या पट्ट्या राहतील. राहू द्या. पिक्चर मुळात रुंद आहे, झूम करून पट्ट्या घालवल्यात तर दोन्ही बाजू कापल्या जातात, आणि मी आधी म्हटलं तसं, गंमत कडेलाच असते.

टीव्हीचा पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ असतो तो ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा. चित्र गुळगुळीत करणारी मोशनची जी काही सोय असेल ती पूर्ण बंद. ती चालू असली की लंडनचा पब आपल्या संध्याकाळच्या मालिकेचा दिवाणखाना वाटायला लागतो. शार्पनेस खाली.

रंग बरोबर लागलेत का हे बघायला माझी एक जागा ठरलेली आहे. सुरुवातीला दुकानात शॉनच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशापाशी पेन गळून लाल शाईचा डाग पडतो. ‘तुला लाल लागलंय’ हे त्याला पिक्चरभर कोणी ना कोणी सांगत राहतं, नंतर शाईच्या जागी रक्त येतं, तरी वाक्य तेच. तर तिथे पॉज करा. डाग शाईचा वाटला पाहिजे. मिसळीच्या तर्रीसारखा केशरी दिसत असेल तर रंग अजून कमी करा. हा सगळा पिक्चर लाल रंगावर उभा आहे. त्यातलं आइस्क्रीमही स्ट्रॉबेरीचं कॉर्नेटो आहे. ह्याच मंडळींच्या पुढच्या दोन पिक्चरांत, २००७ च्या आणि २०१३ च्या, कॉर्नेटोचा रंग अनुक्रमे निळा आणि हिरवा होत जातो.

आवाज. डिस्कवर ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा ट्रॅक असतो, तो टीव्हीच्या दोन स्पीकरवर आला की बोलणं पुटपुटल्यासारखं आणि किंकाळ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत. प्लेअरच्या ऑडिओमध्ये स्टिरिओ करा, आणि ‘नाइट मोड’ किंवा ‘डीआरसी’ असेल तर चालू. इंग्रजी सबटायटल लावा, त्यात कमीपणा नाही. एड तोंडात घास असल्यासारखा बोलतो आणि बरेचदा खरोखरच असतो.

पहिल्या दिवशी

शनिवारी रात्री, न थांबवता. मागे जाणं नाही, मध्ये समजावणं नाही. बारक्या पोरांना बसवू नका, शेवटी शेवटी आतडी बाहेर काढतात. सासूबाईंना मी उठून जायला सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, “मी माहेरी दशावतार रात्ररात्र बघितलेत, तू लाव.” खायला तिखट काही ठेवा. मी कांदाभजी केली होती. लाल चटणीच्या वाटीला मात्र नंतर कोणी हात लावेना.

दुसऱ्या दिवशी

रविवारी दुपारी, वही घेऊन. आता थांबायचं, मागे जायचं, वाद घालायचा.

सगळ्यात आधी दुकानात जाण्याच्या दोन फेऱ्या. पहिल्या सकाळी शॉन घरातून निघतो, रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. कॅमेरा त्याच्या मागे, मध्ये कुठे कट दिसत नाही. एक जण गाडी धुतोय, एक पळतोय, एक भिकारी सुट्टे मागतोय. पुढे मुडदे उठल्यानंतरच्या सकाळी तीच फेरी, तोच कॅमेरा, तीच चाल. फक्त गाडीची काच फुटलेली, दुकानाच्या फ्रिजवर रक्ताचे पंजे, शॉन त्याच रक्तावरून घसरतो आणि उठून पुढे जातो. भिकारी आता मेलेला आहे आणि हात पुढे करून येतोय; शॉन त्यालाही सुट्टे नाहीत म्हणून सांगतो.

ह्या दोन फेऱ्यांचे चॅप्टर नंबर वहीत लिहा आणि एकामागून एक तीन वेळा बघा. पहिल्या वेळी फक्त शॉन. दुसऱ्या वेळी फक्त त्याच्या मागचा रस्ता. तिसऱ्या वेळी शॉनची नजर. तो एकदाही मान वर करून बघत नाही. भाचीने तिसऱ्या फेरीला रिमोट माझ्या हातातून घेतला आणि स्वतः मागे नेलं. मी तेव्हा चहा टाकायला उठले, मुद्दाम.

मग पबमधलं एडचं भाषण. लिझ सोडून गेलीये, शॉन रडकुंडीला आलाय, आणि एड त्याला उद्याचा बेत सांगतो: सकाळी सकाळी ब्लडी मेरी, मग एका पबमध्ये दोन घास (इंग्रजीत ‘बाइट’), दुसऱ्या पबमध्ये एक जोडी (म्हणजे दोन ग्लास), मग झोकांड्या खात इथेच परत, आणि बारवर शॉट्स. दारूचा बेत वाटतो. आता पुढचा पिक्चर त्याला लावून बघा. सकाळी अंगणात जी पहिली मेलेली बाई येते तिचं नाव मेरी. मग शॉनच्या सावत्र बापाला चावा. मग लिझच्या घरून तिच्यासोबत उचललेलं जोडपं, डेव्हिड आणि डायॅन. मग झॉम्बीसारख्या झोकांड्या देत पबकडे. आणि शेवटी बारच्या वरच्या बंदुकीच्या गोळ्या. सगळी गोष्ट त्याने एका ग्लासात सांगून टाकलेली असते, आणि आपण त्याला बेवडा समजून सोडून देतो. ह्या भाषणाचा चॅप्टर वहीत ठळक लिहा, कारण प्रत्येक शब्दासाठी तुम्ही परत तिथे येणार आहात.

जोड्या अजून आहेत, सगळ्या मी सांगत नाही. घरातला तिसरा भाडेकरू पीट वैतागून एडला म्हणतो की जनावरासारखं राहायचं तर मागच्या शेडमध्ये जाऊन राहा. शेवटच्या दृश्यात एड कुठे आहे ते आठवा. शॉन लिझच्या हातात फुलं देतो, त्यांवरचं कार्ड आईसाठी लिहिलेलं आहे. पॉज केलंत तर वाचता येतं. रस्त्यात शॉनच्या जुन्या मैत्रिणीचा, इव्होनचा गट समोरून येतो तेव्हा दोन्ही रांगांवर थांबा: शॉनच्या गटातल्या प्रत्येकासमोर त्याच्याचसारखा एक जण आहे, आणि तिकडे नट मार्टिन फ्रीमन उभा आहे, ‘द हॉबिट’ पिक्चरमधला हॉबिट व्हायच्या आठ वर्षं आधीचा.

तबकड्या फेकण्याचं दृश्य मी दरवेळी थोडं जास्त वेळ बघते. अंगणात दोन मेलेले येताहेत आणि शॉन-एड त्यांच्यावर एलपी रेकॉर्ड फेकून मारताहेत, पण कुठली फेकायची ह्यावर त्यांची चर्चा चाललीये. प्रिन्सची ‘पर्पल रेन’ नाही, ‘बॅटमॅन’ची चालेल. २००९ मध्ये भंगारवाला काटा घेऊन दुकानात उभा होता आणि बाबा एक एक कव्हर हातात घेऊन हेच करत होते. हे जाऊ दे, हे राहू दे, हे... राहू दे. भंगारवाला शेवटी खाली बसला. त्या दुपारी आम्हाला ते विनोदी वाटलं नव्हतं.

आणि फिलिप. शॉनचा सावत्र बाप. एडने गाडीत दणदणीत गाणं लावलंय, फिलिप चावा बसून मागे बसलाय, मरतो, झॉम्बी होतो, आणि मग काय करतो तर गाणं बंद करतो. सासूबाई पहिल्या दिवशीही इथे हसल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “बघ, मेला तरी आवाज सोसला नाही बिचाऱ्याला. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत असता तर?” फिलिप होतो बिल नाइ, आणि मरायच्या आधी तो शॉनशी जे दोन मिनिटं बोलतो तिथे अजिबात पॉज करू नका.

बॅटीबद्दल नवऱ्याचं मत वेगळं आहे. तो रविवारी सेंट्रल मैदानावर टेनिस बॉलने खेळणारा माणूस. त्याच्या मते शॉन बॅट कडेने न मारता सपाट मारतो, म्हणून इतकी मेहनत पडते.

डिस्कवरची उरलेली पुरवणी

मेनूमध्ये शेवटपर्यंत जा. कॉमेंट्री आहे: पेग आणि राइट दोघांची एक, नटमंडळींची वेगळी. पहिली ऐका, दुसरी भजी उरली असतील तर. कथेतली भोकं म्हणून एक विभाग आहे, त्यात डायॅनचं पुढे काय झालं वगैरे चित्रकथेसारखं सांगितलंय. मला तो पिक्चरच्या काही भागापेक्षा जास्त आवडतो.

मूळ झॉम्बीपट माहीत असतील तर अजून काही सापडेल. जॉर्ज रोमेरोच्या १९७८ च्या पिक्चरमधला नट केन फोरी. शॉनच्या दुकानाचं नाव फोरी इलेक्ट्रिक. आईचं नाव बार्बरा, ते रोमेरोच्याच १९६८ च्या पिक्चरकडे बघून. ह्या सगळ्यावर रोमेरो इतका खूश झाला की २००५ च्या त्याच्या पिक्चरमध्ये पेग आणि राइटला त्याने झॉम्बी करून घेतलं. शनिवार-रविवार अजून उरला असेल तर आपल्या जिल्ह्यातलंही एक बघा: आदित्य सरपोतदारचा ‘झोंबिवली’, २०२२. डोंबिवलीत मुडदे उठतात. दोन्ही पिक्चर तुलना करण्यासारखे नाहीत, पण लागोपाठ बघायला मजा येते.

ठेवताना

डिस्क कागदी पाकिटात नको, कडक कव्हरात, उभी. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या नको, प्लॅस्टिकला त्यांचं वावडं असतं.

आणि कव्हरात चिठ्ठी. आमच्या लायब्ररीत प्रत्येक कॅसेटच्या डबीत बाबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी असायची: ‘४० मिनिटांवर पट्टी’, ‘शेवटचं गाणं नाही’, ‘आवाज डावीकडून’. गिऱ्हाइकाने घरी जाऊन शिव्या घालण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. मी ह्या डिस्कच्या कव्हरात जुनीच चिठ्ठी उलटी करून लिहिलं: ‘रीजन २. काळ्या प्लेअरवरच. कडेने धुतली आहे. दुकानाच्या दोन्ही फेऱ्या आणि एडचं भाषण, चॅप्टर वहीत. फिलिपला थांबवू नये.’ खाली भाचीने तिच्या पेनाने भर घातली आहे: ‘दीडपट स्पीड चालणार नाही.’ पेन लाल होतं, आणि गळतं.